समासरावांनी सरळ केलेली यादी

समासरावांना ऑफिसात समासराव म्हणत, त्याला कारण होतं. आवक-जावक विभागात बावीस वर्षं बसून त्यांनी एकाच गोष्टीसाठी जीव टाकला होता, ती म्हणजे कागदाची कड. पत्रातला मजकूर चुकीचा असला तर ते एक वेळ सोडून देत (मजकूर साहेबांचा असतो), पण डावीकडे जागा कमी-जास्त सुटली, एखादी ओळ लांब आणि एखादी आखूड झाली, की पत्र त्यांच्या टेबलावरून माघारी जाई. एकदा त्यांनी साहेबांचा राजीनामाच असा परत पाठवला होता. तो पुन्हा टाइप होऊन येईपर्यंत साहेबांचं मन बदललं, आणि साहेब अजून तिथंच आहेत. यासाठी ऑफिसातल्या बऱ्याच जणांनी समासरावांना माफ केलेलं नाही.

अशा माणसाला ऑफिसनं एक दिवस संगणकाच्या ट्रेनिंगला बसवलं. अर्ध्याच दिवसाचं ट्रेनिंग, त्यातही चहाला अर्धा तास. शिकवणाऱ्या सरांनी पडद्यावर एक काळी खिडकी उघडली. तिच्यात ना चित्रं, ना बटणं, नुसता एक पांढरा ठिपका लुकलुकत होता. सरांनी त्यात एफ, एम, टी अशी तीन अक्षरं टाइप केली, पुढं एक आकडा घातला, पुढं फाइलचं नाव. आणि वेड्यावाकड्या, लांब-आखूड ओळींचा तो सगळा मजकूर डोळ्याचं पातं लवायच्या आत एका मापात बसला. चाळीस अक्षरं म्हटलं की चाळीस. शाळेच्या कवायतीला पोरं उभी राहावीत तशा ओळी उभ्या राहिल्या.

समासराव खुर्चीत पुढं सरकले. बावीस वर्षं आपण जे लाल पेन्सिलीनं करत आलो, ते इथं तीन अक्षरांत.

त्यानंतर सर आणखी एक गोष्ट म्हणाले. ते म्हणाले, "ही कमांड आधी सगळ्या ओळी एकमेकींना जोडते आणि मग नव्यानं तोडते. त्यामुळं तुमची एक ओळ म्हणजे एक वेगळी गोष्ट असेल, तर मध्ये एक ओळ रिकामी सोडा. नाहीतर घोटाळा होतो." हे वाक्य वर्गातल्या सगळ्यांनी लिहून घेतलं. समासरावांनी घेतलं नाही, कारण त्या वेळी ते वहीत पट्टीनं समास आखत होते.

इकडं घरी त्याच आठवड्यात बायकोला दहा दिवसांसाठी बाहेरगावी जायचं होतं. बायको मोठ्या दवाखान्यात इन्चार्ज सिस्टर होती. चाळीस खाटांचा वॉर्ड तिच्या एका भुवईवर चालायचा. आता तिलाही ट्रेनिंग होतं, आणि तिथं फोन दिवसभर जमा करून घेत. संध्याकाळी बोलायला पाच मिनिटं मिळत, तीही रोज नाही.

एरवी समासरावांना एकटं सोडून जायला बायकोची ना नव्हती, पण या वेळी घरात तिची आई होती. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन महिना झाला होता. दहा दिवसांनी व्यायामाच्या डॉक्टरीणबाई येऊन गुडघा बघणार होत्या आणि त्यांनी मान डोलावली तरच सासूबाईंना आपल्या घरी जाता येणार होतं. शिवाय एक बोका होता, लांब केसांचा आणि आखूड स्वभावाचा. आणि गॅलरीत एक नेचा होता. झुपकेदार, हिरवागार, पण असा नाजूक की कुणी मोठ्यानं शिंकलं तरी एक पान पिवळं पडायचं.

"सगळ्यांचं लिहून ठेवलंय," निघताना बायको म्हणाली. "संगणकात आहे. प्रिंट काढा आणि फ्रिजवर लावा. आणि अहो, त्यात लिहिलंय तेवढंच करा. डोकं चालवू नका."

"मी कधी चालवलंय?" समासराव म्हणाले. खाली रिक्षा उभी होती, बायको बॅग उचलून निघाली.

ती गेल्यावर समासरावांनी फाइल उघडली आणि त्यांच्या जिवाला लागलं. बायकोला वॉर्डातली सवय. आधी पेशंटचं नाव, पुढं काय करायचं ते, की झाली पुढची ओळ सुरू. पूर्णविराम नाही, स्वल्पविराम नाही. त्यामुळं एक ओळ इथं संपते, दुसरी तिथं, तिसरी भलतीकडंच. उजवी कड म्हणजे उंदरानं कुरतडलेली भाकरी. समासरावांनी काय लिहिलंय ते वाचलंच नाही. त्यांनी कड पाहिली, आणि असा कागद दहा दिवस आपल्या फ्रिजवर राहणार या कल्पनेनं ते उठून पाणी प्यायले.

मग त्यांनी काळी खिडकी उघडली.

तीन अक्षरं, चाळीसचा आकडा, फाइलचं नाव. ओळी सरसर हलल्या आणि एका मापात बसल्या. सरांनी जुनी फाइल जपून ठेवायला सांगितलं होतं, पण एकाच गोष्टीच्या दोन प्रती म्हणजे समासरावांच्या मते पसारा. त्यांनी जुन्या फाइलीच्या जागी नवी बसवली, प्रिंट काढली, चार कोपऱ्यांना चार चुंबकं लावून कागद फ्रिजवर चिकटवला आणि दोन पावलं मागं जाऊन पाहिलं. कागद असा दिसत होता:

रोजच्या कामांच्या गडबडीत विसरू नये आईला
गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी बोक्याला
रोज सकाळी ब्रशनं केस नीट विंचरणे आईला
पेपर मोठ्यानं वाचून दाखवणे नेच्याला
सकाळी डोक्यावर पाण्याचा फवारा आईला
संध्याकाळी हात धरून चार फेऱ्या बोक्याला
अंधार पडल्यावर बाहेर सोडू नये आईला
जेवणानंतर पाय उशीवर उंच ठेवणे नेच्याला
अर्ध्या उन्हात ठेवून रोज थोडं फिरवणे

पहिली ओळ वाचून समासरावांना गहिवरून आलं. 'विसरू नये आईला.' किती साधं, आणि किती खरं. आपली बायको इतकं हळवं लिहिते हे त्यांना अठरा वर्षांत माहीत नव्हतं.

दुसऱ्या ओळीशी मात्र ते अडले. बोक्याला गुडघा असतो, इथपर्यंत त्यांना पटत होतं. प्रश्न होता तो कुठं असतो याचा. त्यांनी बोक्याला मांडीवर घेतलं आणि मागचा एक पाय हळूच चाचपला. बोक्यानं त्यांच्याकडं असं पाहिलं, की समासरावांनी पाय सोडून दिला.

समोर सासूबाई आरामखुर्चीत बसल्या होत्या. "काय शोधताय, जावईबापू?"

"गुडघा."

"माझा इथं आहे."

"तुमचा नाही. याचा. शेक द्यायचाय."

सासूबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "कोण म्हणतं?"

"तुमची मुलगी." समासरावांनी फ्रिजकडं बोट दाखवलं. सासूबाई काठी टेकत उठल्या, फ्रिजपाशी गेल्या, नाक लावून सगळा कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि परत येऊन खुर्चीत बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. "लिहिलंय खरं," त्या म्हणाल्या. "करा मग. मुलीच्या शब्दाबाहेर जायची या घरात कुणाची टाप नाही."

शेवटी समासरावांनी गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून सोफ्यावर ठेवली आणि बोक्याला तिच्यावर बसवलं, म्हणजे गुडघे जिथं कुठं असतील तिथं शेक पोचेल. बोका एक क्षण थबकला. मग त्याचे चारही पाय चार दिशांना पसरले, डोळे मिटले आणि त्याच्या पोटातून असा आवाज येऊ लागला, जणू लांबवर कुणी पिठाची गिरणी चालू केली आहे. पहिली सूचना फळाला आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ब्रश घेऊन सासूबाईंच्या मागं उभे राहिले. आता जावयानं सासूचे केस विंचरायचे, यात अवघडल्यासारखं वाटण्याजोगं पुष्कळ आहे, आणि ते सगळं समासरावांना वाटलं. त्यांनी डोळे अर्धवट मिटून, देवाचं नाव घेऊन, पहिला हात फिरवला.

"जोर लावू नका," सासूबाई मान न हलवता म्हणाल्या. "आणि भांग मधोमध पाडा. कडा दोन्ही बाजूंना सारख्या आल्या पाहिजेत."

हे वाक्य समासरावांशी आजवर कुणी बोललं नव्हतं. पुढची दहा मिनिटं त्यांना अवघडलेपणा आठवलाही नाही. भांग इतका सरळ पडला की त्यावरून पट्टीनं रेघ मारता आली असती.

फवाऱ्याचं प्रकरण एवढं सोपं गेलं नाही. गॅलरीतली फवाऱ्याची बाटली घेऊन ते आले. सासूबाईंनी बाटलीकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं.

"जावईबापू, मी कोमेजल्यासारखी दिसते का?"

"नाही, म्हणजे दवाखान्यातली नवीन पद्धत असेल काहीतरी. मेंदूला तरतरी वगैरे. हलकाच मारतो."

"हलकाच मारा," सासूबाई म्हणाल्या आणि डोळे मिटून बसल्या. समासरावांनी दोन फवारे मारले. सासूबाईंनी पदरानं तोंड टिपलं आणि म्हणाल्या, "उन्हाळ्यात बरं आहे हे."

त्यानंतर पेपर. नेच्याला पेपर वाचून दाखवायचा, यात समासरावांना काहीही वावगं वाटलं नाही. झाडांशी बोललं की ती वाढतात, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं, आणि बायको शिकलेली. ते गॅलरीत खुर्ची टाकून कुंडीसमोर बसत आणि पहिल्या पानापासून खणखणीत आवाजात सुरुवात करत. नेच्याला खेळाच्या पानात रस नसावा, असं त्यांनी दुसऱ्याच दिवशी ठरवलं आणि ते पान गाळलं.

"खेळाचंही वाचा," आतून सासूबाईंचा आवाज आला. "त्याला आवडत असेल."

जेवणानंतर नेच्याचे पाय उशीवर उंच ठेवायचे होते. पाय म्हणजे मुळं, हे समासरावांनी स्वतःच ताडलं (इथं त्यांनी डोकं चालवलं, पण थोडंच). त्यांनी स्टुलावर उशी ठेवली, उशीवर कुंडी ठेवली, आणि कुंडी डावीकडं कलते म्हणून डावीकडं एक जुना शब्दकोश सरकवला.

राहिली शेवटची ओळ. 'अर्ध्या उन्हात ठेवून रोज थोडं फिरवणे.' कुणाला, ते लिहिलंच नव्हतं. समासरावांनी बोटांवर हिशेब केला. आई झाल्या, बोका झाला, नेचा झाला. घरात उरलं कोण? बायकोला आपली इतकी काळजी असेल आणि नाव घ्यायला ती लाजली असेल, या विचारानं ते थोडे लाल झाले. मग रोज ऑफिसला जायच्या आधी ते गॅलरीत जात, निम्मं अंग उन्हात आणि निम्मं सावलीत राहील असे उभे राहत आणि पाच-पाच मिनिटांनी पाव वळसा घेत. समोरच्या इमारतीतले लोक पहिले दोन दिवस पडद्याआडून बघत. तिसऱ्या दिवसापासून त्यांनी पडदे बाजूला केले.

खरी कसोटी लागली ती संध्याकाळच्या फेऱ्यांना. हात धरून चार फेऱ्या, बोक्याला. समासराव बोक्याला काखेत मारून तीन जिने उतरले, इमारतीच्या बागेत त्याला खाली ठेवलं, कमरेत वाकले आणि त्याचा पुढचा उजवा पंजा दोन बोटांत धरला. बोका उरलेल्या तीन पायांवर आठ पावलं चालला. नवव्या पावलाला त्यानं पंजा सोडवून घेतला, आणि सोडवताना समासरावांच्या मनगटावर चार समांतर रेघा ओढल्या. (अंतर अगदी सारखं होतं, हे त्यांनी तशाही अवस्थेत पाहिलं.)

गेटवरचा चौकीदार खुर्चीतून उठून आला. "साहेब, याला काय झालंय?"

"काही नाही. फेऱ्या मारतोय."

"आणि तुम्हाला?"

समासरावांनी दुसरा पंजा धरला. ही मिरवणूक बघायला सासूबाई काठी टेकत, कठड्याला धरत, एक-एक पायरी करत तीन जिने खाली उतरल्या होत्या. जवळून नीट दिसावं म्हणून त्या मिरवणुकीच्या मागोमाग चालत राहिल्या. चौथ्या दिवसापासून खालच्या मजल्यावरच्या आजीही त्यांच्याबरोबर चालू लागल्या. त्या आजी म्हणाल्या, घरी बसून टीव्ही बघण्यापेक्षा हे पुष्कळ बरं.

याच आजींच्या घरी संध्याकाळी चार बायका जमून पत्ते खेळत. त्यांनी सासूबाईंना बोलावलं. सासूबाई साडी बदलून, केसांवर एक हात फिरवून दाराशी आल्या, तर दारात समासराव आडवे.

"अंधार पडलाय," समासराव म्हणाले.

"मग?"

"अंधार पडल्यावर तुम्हाला बाहेर सोडायचं नाही."

"मी काय कोंबडी आहे?"

"मी नाही म्हणत. कागद म्हणतो." समासराव घामाघूम झाले होते. सासूबाईंना अडवण्याचा प्रसंग त्यांच्यावर यापूर्वी आला नव्हता आणि पुन्हा येऊ नये अशी त्यांची इच्छा होती, पण बायकोला शब्द दिला होता. सासूबाईंनी काठी दाराला टेकवली.

"मला बाहेर सोडायचं नाही, एवढंच लिहिलंय ना? त्यांना आत घ्यायचं नाही, असं काही लिहिलंय का?"

समासरावांनी जाऊन कागद पाहिला. नव्हतं लिहिलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी समासरावांच्या बैठकीत चार आजी पत्ते कुटत बसल्या, आणि समासराव स्वयंपाकघरातून चहा करून आणू लागले. दुसऱ्या दिवशी आजी पाच झाल्या.

बायकोचा फोन सहाव्या दिवशी आला. "यादीप्रमाणं चाललंय ना?"

"शब्दन् शब्द," समासराव म्हणाले, आणि यात खोटं काही नव्हतं.

"केस विंचरता ना रोज? नाहीतर गाठी होतात."

"रोज विंचरतो. भांगही पाडतो."

"भांग?" बायको हसली. "काय बाई हौस. आणि चावत नाही ना?"

समासरावांनी वळून सासूबाईंकडं पाहिलं. त्या हातातली पानं लावत होत्या. स्वतःच्या आईबद्दल हिनं असं विचारावं याचं त्यांना वाईट वाटलं, पण माहेरच्या गोष्टी माहेरच्यांना ठाऊक. "नाही," ते आवाज खाली आणून म्हणाले. "अजून तरी नाही."

"बरं. आणि पेपर वाचून दाखवता ना? बरं वाटतंय ना त्यानं?"

"मला तर फरक वाटतो. कालच एक नवीन पान फुटलंय."

"काय फुटलंय?"

तेवढ्यात पाच मिनिटं संपली.

दहाव्या दिवशी, बायको दुपारी यायची होती त्या दिवशी सकाळी, व्यायामाच्या डॉक्टरीणबाई आल्या. अंगानं किरकोळ, आवाजानं भरदार. त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली आणि विचारलं, "काय, शेक चाललाय ना दोन वेळा?"

"चाललाय की," समासरावांनी अभिमानानं सोफ्याकडं हात केला. तिथं बोका पिशवीवर उताणा पडला होता. "आता स्वतःच मागतो."

डॉक्टरीणबाई बोक्याकडं बघत राहिल्या. "फेऱ्या?"

"चार. सुरुवातीला त्रास दिला, पण आता तिसऱ्या फेरीपर्यंत ओरखडत नाही."

"मी आजींबद्दल विचारतेय."

"आजींना फेऱ्या नाहीत. आजींना फवारा आहे."

डॉक्टरीणबाईंनी पिशवी पुन्हा खांद्याला लावली, बहुधा गरज पडली तर चटकन निघता यावं म्हणून. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

समासरावांनी त्यांना फ्रिजपाशी नेलं. डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला. एकदा, मग पुन्हा. मग त्यांनी करंगळी पहिल्या ओळीच्या शेवटच्या शब्दावर ठेवली आणि त्या म्हणाल्या, "हा शब्द खालच्या ओळीत घेऊन वाचा बरं."

"आईला गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी," समासरावांनी वाचलं.

"आता पुढचा."

"बोक्याला रोज सकाळी ब्रशनं..." इथं समासराव थांबले. बाकीचं त्यांनी मनातल्या मनात वाचलं. शेवटच्या ओळीला नेच्याचं नाव लागलं, तेव्हा अर्ध्या उन्हातले आपले दहा दिवस त्यांच्या डोळ्यांसमोरून पाव-पाव वळशानं फिरून गेले. आणि ट्रेनिंगचे सर काहीतरी सांगत होते आणि आपण समास आखत होतो, तेही आठवलं. ओळी जोडल्या जातात. मध्ये एक ओळ रिकामी सोडा. घोटाळा होतो.

पण हसू यायच्या आधी त्यांना भीती वाटली, आणि ती साधीसुधी नव्हती. सासूबाईंच्या गुडघ्याला दहा दिवस शेक नाही, जेवणानंतर पाय उंच नाहीत. ताज्या ऑपरेशनचा गुडघा. म्हातारं माणूस आपल्या भरवशावर ठेवून बायको गेली, आणि आपण सासूबाईंच्या डोक्यावर पाणी मारत बसलो. ते जाऊन सासूबाईंच्या खुर्चीपाशी खालीच बसले.

"माझं चुकलं," ते म्हणाले. "मी यादी नुसती सरळ करायला गेलो. तुमचा गुडघा..."

"आधी बघू तरी द्या त्यांना," सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी गुडघा वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला. सासूबाईंना उठवलं, बसवलं, जिन्याच्या आठ पायऱ्या खाली-वर करायला लावल्या. मग त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. "उत्तम आहे. इतका चांगला वाकेल असं मला वाटलं नव्हतं. उद्या घरी गेलात तरी हरकत नाही." जाताना दारात त्या थांबल्या आणि समासरावांना म्हणाल्या, "तरी फवारा बंद करा."

समासरावांना काही कळेना. त्यांना वाटलं, गुडघे शेकाशिवायच बरे होत असतील आणि ही डॉक्टर मंडळी उगाच पिशव्या देत असतील. हा विचार ते सासूबाईंना सांगणार, एवढ्यात बायको आली.

तिनं चपला काढल्या आणि एका नजरेत घर टिपलं: पिशवीवर बोका, शब्दकोशावर टेकलेला नेचा, नवऱ्याच्या मनगटावर रेघा आणि आईचा भांग. मग ती फ्रिजपाशी गेली. समासरावांनी पळवाट शोधली नाही. काळ्या खिडकीपासून करंगळीपर्यंत सगळं त्यांनी एका दमात सांगून टाकलं. वाक्यं एकमेकांना जोडली गेली, मध्ये कुठं रिकामी जागा राहिली नाही.

बायको ऐकताना भिंतीला टेकली, मग हळूहळू स्टुलावर बसली, मग तिनं ओढणी तोंडावर धरली. तिचे खांदे हलत होते. समासरावांना वाटलं ती रडतेय. तिनं ओढणी काढली तेव्हा डोळ्यांत पाणी होतं खरं, पण ते रडण्याचं नव्हतं.

"म्हणून चावत नाही ना विचारल्यावर 'अजून तरी नाही' म्हणालात," ती कशीबशी म्हणाली आणि आईकडं वळली.

"पण आई, तुला तर सगळं कळत होतं. तू बोलली का नाहीस?"

"पहिल्या दिवशीच बोलणार होते," सासूबाई म्हणाल्या. "पण हे बोक्याचा गुडघा शोधत होते. म्हटलं, बघू कुठवर जातं." त्यांनी खुर्चीजवळचं चष्म्याचं घर उघडलं आणि आतून चार घड्या घातलेला एक कागद काढला. बायकोच्या हातचा, वाकड्यातिकड्या ओळींचा. "जाताना मला वेगळी लिहून दिली होतीस ना, तीच धरून चालले. हे ऑफिसला गेले की बोक्याला उठवून विंचरायचं, नेच्याचं ऊन-पाणी बघायचं आणि पिशवी मी घ्यायची. दुपारी पाय उंच करून पडायचं. पेपर तर गॅलरीतून ऐकू येतच होता. फेऱ्या यांच्यामागून व्हायच्या. रात्री बोका बाहेर जाऊ नये म्हणून दाराला कडी लावायची, ती मी लावत होते."

"आणि फवारा?"

"फवाऱ्याचं म्हणशील तर मला आवडला. आणि आता लगेच काही मी घरी जात नाही. पत्त्यांचा डाव रंगात आलाय."

समासरावांनी हात पुढं केला. सासूबाईंनी कागद त्यांना दिला. त्यांनी तो मांडीवर ठेवून हातानं सपाट केला आणि आयुष्यात पहिल्यांदा कडेकडं न बघता मजकूर वाचला. आईला अमुक, बोक्याला तमुक, नेच्याला अर्धं ऊन. सगळं जागच्या जागी होतं. आणि सगळ्यात खाली, नेच्याच्याही खाली, एक ओळ होती जी त्यांच्या यादीत नव्हती. ती त्यांनी आधी मनात वाचली, मग खात्री करून घेण्यासाठी मोठ्यानं वाचली:

"'यांना रोज काहीतरी काम सांगत राहणे, रिकामे बसले की घर सुधारायला घेतात.'"

बायको एकदम बॅग उघडायच्या उद्योगाला लागली. सासूबाईंनी मात्र शांतपणे हात पुढं करून कागद परत घेतला, त्याच घड्यांवर घडी घातली आणि म्हणाल्या,

"यादीतली तेवढी एक ओळ मला काही पाळावी लागली नाही, जावईबापू. तुम्ही दहा दिवसांत एक मिनिट रिकामे बसला नाहीत."